टोचलेले किती आणि राहिलेले किती?



परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसवर ज्यांचे नाव 1925 पासून आहे ते वाल्डेमार हाफकिन कोण होते, असा प्रश्न मुंबईत विचारला तर ‘प्लेगची लस काढणारे’ एवढे उत्तर बहुधा मिळेल. उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. लस काढणारे पुष्कळ झाले आणि पुढेही होतील. लस काढल्यावर ‘ही खरोखर गुण देते कशावरून?’ हा प्रश्न स्वतःलाच विचारणारे थोडे. तो प्रश्न घेऊन झोपडपट्ट्या, तुरुंग आणि खेडी हिंडणारे तर त्याहून थोडे. हाफकिन हे या शेवटच्या वर्गातले. आज त्यांच्या चरित्राची जी बाजू आपल्यापुढे मांडावयाची आहे ती ही मोजणीची बाजू होय. एका हिशेबी माणसाच्या वाट्याला अखेरीस बेहिशेबी न्याय कसा आला, हेही त्यात ओघानेच येईल.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी ओडेसा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना एली मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हा सिद्धांत ज्यांनी मांडला तेच हे मेचनिकॉफ. तो काळ मोठा धामधुमीचा होता. 1881 मध्ये झारचा खून झाला आणि दक्षिण रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. ज्यू तरुणांनी बचावासाठी पथके उभारली, त्यांत हाफकिन होते. त्यांना मार बसला आणि अटकही झाली. पुढे डॉक्टरेट मिळाली, परंतु विद्यापीठात वर चढण्याची वाट ज्यू माणसाला बंदच होती. धर्म बदलला असता तर ती उघडली असती, पण ते त्यांनी केले नाही. 1888 मध्ये ते जिनिव्हास गेले आणि 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे पहिली जागा मिळाली ती ग्रंथपालाची! दिवसा पुस्तके लावावयाची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाशी बसावयाचे, असा क्रम काही काळ चालला.

त्या वेळी युरोपात पटकीची मोठी साथ पसरत होती. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनिपिगांच्या पोटातून एकामागून एक असे पुष्कळ वेळा नेऊन त्यांची ताकद वाढविली. दुसऱ्या बाजूने तेच जंतू उष्णतेत आणि हवेच्या झोतात वाढवून त्यांना नरमही केले. आधी नरम जंतू टोचावयाचे आणि काही दिवसांनी तिखट, अशी त्यांची दुहेरी लस होती. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, दंड आणि कूस दुखली, आणि काही दिवसांत सारे ओसरले. मग त्यांच्या काही मित्रांनी टोचून घेतले. लस माणसास मारीत नाही एवढे यावरून ठरले. परंतु लस वाचविते हे यावरून ठरत नाही, हा भेद हाफकिन यांनी पहिल्या दिवसापासून ओळखला होता. ते ठरविण्यास खरी साथ हवी, आणि पटकीचे माहेरघर म्हणजे बंगाल. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील होते. त्यांनी शब्द टाकला आणि मार्च 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

पुढील दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी सुमारे 42 हजार लोकांस टोचले. लष्करी छावण्या, आसामातील चहाचे मळे, तुरुंग आणि कलकत्त्याच्या बस्त्या असा त्यांचा संचार होता. हा माणूस रशियन, त्याचे इंग्रजी परके आणि औषध नवे. त्यामुळे लोकांच्या मनात संशय होता, हे सांगावयास नको. कलकत्त्यात त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त असे चार देशी डॉक्टर होते. या डॉक्टरांनी लोकांदेखत टोचून घेतल्यावर लोक पुढे येऊ लागले. आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन यांचाही या कामास मोठा आधार होता.

आता मोजणीकडे वळू. मार्च 1894 मध्ये कलकत्त्याच्या कट्टाल बागान नावाच्या बस्तीत पटकी शिरली. वस्ती सुमारे दोनशे माणसांची, पाणी तळ्यांचे. त्यांतील 116 जणांस टोचले गेले. त्यानंतर त्या बस्तीत पटकीचे जे रोगी निघाले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. टोचलेल्यांत एकही नव्हता. अशा बातमीने दुसरा कोणीही हुरळून गेला असता. हाफकिन यांनी मात्र त्यावरून पुढची पद्धत बसविली. ती पद्धत अशी: साऱ्या शहराची सरासरी घ्यावयाची नाही. ज्या घरात टोचणीनंतर पटकी शिरली तेच घर घ्यावयाचे. त्या घरात टोचलेले किती आणि न टोचलेले किती, त्यांतील किती आजारी पडले आणि किती दगावले, एवढेच लिहावयाचे. कारण एका घरातील माणसे एकच पाणी पितात, एकच अन्न खातात आणि एकाच हवेत निजतात. धोका सर्वांस सारखा असेल तरच वाचण्यातील फरक लसीच्या खात्यावर मांडता येईल. सधन गल्लीतले टोचलेले आणि गलिच्छ गल्लीतले न टोचलेले यांची तुलना करून जो आकडा निघेल तो लसीचा नव्हे, गल्लीचा!

या नोंदींतून आणखी एक गोष्ट निघाली. टोचल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत दोन्ही गटांत विशेष फरक दिसत नव्हता. त्यानंतर सुमारे वर्षभर फरक मोठा होता, आणि पुढे तो ओसरत गेला. तात्पर्य, प्रतिकारशक्ती ही एकदा मिळाली की जन्मभर राहणारी इनामाची जमीन नव्हे. तिला मुदत असते आणि ती मुदतही मोजावी लागते. लखनौच्या एका पलटणीत वर्षापूर्वी सौम्य मात्रा टोचली होती. तेथे पटकी आली तेव्हा लसीचा फायदा अगदीच थोडा दिसला. हा प्रतिकूल आकडाही हाफकिन यांनी लपविला नाही. तो आपल्या अहवालात घातला आणि मात्रेचा विचार पुन्हा केला.

हिवतापाने जर्जर होऊन 1895 मध्ये ते युरोपास गेले आणि पुढल्या वर्षी परत आले. त्याच वर्षी मुंबईवर ते संकट कोसळले. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी काखेत आणि जांघेत गाठी येऊन मरणारे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे उघड सांगितले. केसरीच्या पिढीने त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटले. लाखो लोक शहर सोडून कोकणात आणि घाटावर पळाले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. 7 ऑक्टोबर रोजी हाफकिन मुंबईस पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस जागा मिळाली आणि हाताखाली एक कारकून व मोजके शिपाई. एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली.

ती कशी केली हे सांगण्याजोगे आहे. मांसाच्या रशात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, आणि रशावर थोडे तूप तरंगत ठेवावयाचे. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागते. गुहेच्या छतास चुन्याचे सुळे लोंबतात तशी. ती वरचेवर हलवून खाली पाडली की पुन्हा नवी वाढ लोंबते. अशी कित्येक पिके घेतल्यावर ते सारे 65 अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेत तासभर ठेवून जंतू मारावयाचे आणि थोडे कार्बॉलिक ॲसिड घालावयाचे. म्हणजे ही लस मेलेल्या जंतूंची होती. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून गाय-डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरण्याचे पथ्य प्रयोगशाळेत पाळले गेले. 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. सुर्वेयर यांच्या हातून हाफकिन यांनी स्वतःस टोचून घेतले, तेही पुढे लोकांस देत त्याच्या चौपट मात्रेत.

त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. 30 जानेवारी रोजी कैद्यांस विचारण्यात आले, आणि 154 जणांनी स्वेच्छेने टोचून घेतले. त्यांतील काहींच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता, ते त्याच दिवशी आजारी पडले. ते वगळल्यास पुढील दिवसांचा हिशेब असा: न टोचलेले सुमारे पावणेदोनशे, त्यांत आजारी 12 आणि मृत 6. टोचलेले सुमारे दीडशे, त्यांत आजारी 2 आणि मृत एकही नाही. दोन्ही गट एकाच भिंतीच्या आत होते, एकच भाकरी खात होते आणि एकाच घंटेवर उठत होते. तुरुंगासारखी सारखेपणाची जागा दुसरी कोणती? परंतु कैद्याची ‘स्वेच्छा’ ती कितपत स्वेच्छा, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. त्या काळच्या शास्त्रज्ञांस तो फारसा टोचला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मित्रहो, याच सुमारास पुण्यात काय चालले होते याचे स्मरण आपणांस आहेच. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. गोरे शिपाई घराघरांत शिरले, देव्हारे बाटले, बायामाणसांची तपासणी झाली आणि माणसे धरून छावण्यांत नेली गेली. 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. 22 जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी लोकमान्यांस राजद्रोहाखाली शिक्षा झाली. अशा हवेत सरकारी छत्राखाली एक परका डॉक्टर सुई घेऊन येतो, तेव्हा लोकांनी त्यावर विश्वास कसा ठेवावा? टोचल्याने माणूस मरतो, वांझपणा येतो, धर्म बुडतो, अशा वावड्या उठल्या. त्यांस नुसते अडाणीपण म्हणून हसणे सोपे आहे. ज्यांच्या दारात कालच बूट वाजले होते त्यांनी आज सुईस भ्यावे यात नवल ते काय? वावडी पिकते ती अविश्वासाच्या जमिनीत.

हाफकिन यांची टोचणी सक्तीची नव्हती, आणि हे तिचे मोठेच बळ ठरले. मुंबईत तरुण आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले आणि 1898 मध्ये माझगावचा आपला खुश्रू लॉज प्रयोगशाळेस दिला. हजारो खोजांनी टोचून घेतले. फर्मानाने जे साधत नव्हते ते एका विश्वासाच्या माणसाच्या दंडाने साधले. 10 ऑगस्ट 1899 रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, ती आजतागायत तेथे आहे.

आता ज्या प्रयोगामुळे हाफकिन यांचे नाव साथशास्त्राच्या इतिहासात राहील त्याकडे येऊ. बडोद्याजवळ उंढेरा नावाचे खेडे आहे. 1898 च्या आरंभी तेथे प्लेग होता. फेब्रुवारीत हाफकिन आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. गावाची कुटुंबवार यादी केली, आणि घरोघरी अर्धी माणसे टोचली व अर्धी तशीच ठेवली. लहान-मोठे, बायका-पुरुष, धडधाकट आणि अशक्त हे दोन्ही बाजूंस शक्य तितके सारखे वाटले. काही आठवड्यांनी सरकारी आणि संस्थानी अधिकाऱ्यांसह पुन्हा गावात जाऊन घरोघर चौकशी झाली. एकंदर 28 कुटुंबांत प्लेग शिरला होता. त्या कुटुंबांत टोचलेले 71 होते. त्यांतील 8 आजारी पडले आणि 3 वारले. न टोचलेले 64 होते. त्यांतील 27 आजारी पडले आणि 26 वारले. म्हणजे एकीकडे शंभरी चार मरण आणि दुसरीकडे शंभरी चाळीस!

हे आकडे घाईने वाचू नयेत. ते 26 लोक कोणी एका घरचे भाऊ होते, कोणाच्या सुना होत्या, कोणाची मुले होती. त्याच ओसरीवर बसलेल्या भावंडास सुई मिळाली आणि त्यांस मिळाली नाही. अर्धे घर मुद्दाम उघडे ठेवणे ही क्रूरता नव्हे काय? याचे उत्तर सोपे नाही. हाफकिन यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की लस गुण देते की अपाय करते हेच त्या दिवशी निश्चित नव्हते. सर्वांस टोचले असते आणि साथ आपोआप ओसरली असती, तर लसीस फुकटचे श्रेय मिळाले असते. कोणासच टोचले नसते तर काहीच कळले नसते. ज्ञानाचा हा दर गावाने भरला. त्या माणसांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. त्यांचे ऋण मात्र पुढे ज्याने ज्याने लस टोचून घेतली त्या प्रत्येकावर आहे. आजच्या काळात अशा चाचणीपूर्वी प्रत्येकाची समजून-उमजून संमती घ्यावी लागते आणि फरक स्पष्ट दिसू लागताच चाचणी थांबवावी लागते. हे नियम पुढे झाले, आणि ते होण्यामागे अशा प्रश्नांचीच टोचणी आहे.

त्याच वर्षी हुबळीत प्लेग आला आणि तेथे तीस हजारांहून अधिक लोकांस टोचले गेले. तेथे हिशेबाची एक नवी अडचण आली. ती समजून घेण्याजोगी आहे, कारण आजही वर्तमानपत्री आकडे तिच्यात फसतात. समजा, हजार वस्तीच्या गावात साथ आली. पहिल्या आठवड्यात कोणासही टोचलेले नव्हते आणि 50 माणसे दगावली. मग उरलेल्या 950 पैकी 900 जणांनी टोचून घेतले, आणि साथही ओसरली. आता शेवटी हिशेब करणारा म्हणेल: टोचलेले 900, मृत्यू शून्य. न टोचलेले 100, मृत्यू 50. वाहवा, शंभरी पन्नास विरुद्ध शून्य! पण हे साफ चूक आहे. ती 50 माणसे मेली तेव्हा न टोचलेले शंभर नव्हते, हजार होते. मरणाचे खरे प्रमाण शंभरी पाच. म्हणून दर आठवड्यास त्या त्या दिवशी टोचलेले किती आणि राहिलेले किती हे नव्याने मांडावे लागते. हुबळीचे तक्ते असे आठवडेवार ठेवले गेले, हे त्यांचे महत्त्व.

तरीही सर्वांचे समाधान झाले नाही, आणि ते झाले नाही हेच बरे. एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने 1898-99 मध्ये देशभर साक्षी घेतल्या. टोचणीने रोग होण्याचा आणि रोगाने मरण्याचा संभव कमी होतो हे कमिशनने मान्य केले, पण लसीची मात्रा एकसारखी नसते आणि पुष्कळ ठिकाणचे आकडे कच्चे आहेत असा ठपकाही ठेवला. पुढे 1915 मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोन इंग्रज अभ्यासकांनी विषमज्वर आणि पटकी यांच्या लसींचे आकडे तपासून तुलनेच्या अटी नीट मांडल्या. दोन्ही गटांतील माणसे सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखी हवीत. रोगाशी त्यांचा संपर्क सारखा हवा. आणि ‘हा टोचलेला’ व ‘हा रोगी’ हे दोन निर्णय एकमेकांवर अवलंबून नसावेत. ही तिसरी अट सूक्ष्म आहे. टोचलेल्या माणसास ताप आला की डॉक्टर म्हणतो, ‘साधा ताप असेल’. न टोचलेल्यास आला की म्हणतो, ‘प्लेगच!’ असे झाले तर लेखणीच रोग बरा करते. हाफकिन यांचे सारेच आकडे या कसोट्यांस उतरतात असे नाही. जो आपण होऊन टोचून घेतो तो बहुधा अधिक जपणाराही असतो. पण उंढेरा आणि कट्टाल बागान येथे ज्या वाटेने ते गेले तीच वाट पुढे हमरस्ता झाली.

आणि आता ती दुःखद घटना. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात, जे आज पाकिस्तानात आहे, 107 लोकांस प्लेगची लस टोचली गेली. काही दिवसांनी त्यांतील 19 जणांस धनुर्वात झाला आणि ते सारे मेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काहीही झाले नाही.

ती बाटली परळहून आलेली होती. शिवाय लसीची मागणी अफाट वाढल्यामुळे हाफकिन यांनी बनविण्याची रीत बदलली होती आणि कार्बॉलिक ॲसिड घालणे सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. एवढ्यावर संशय परळकडे वळला. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, आणि बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांस संचालकपदावरून दूर करण्यात आले. 1904 मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

परंतु साक्षीपुराव्यात एक गोष्ट पडून राहिली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर बूच काढताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती, आणि रोगही अधिक लवकर दिसला असता. पुरावा तोच, पण तो तोलण्याची रीत निराळी! हिवतापाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला. 29 जुलै 1907 रोजी लंडनच्या टाइम्समध्ये नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी सह्यांनिशी पत्र लिहून, परळच्या प्रयोगशाळेवरील आरोप सिद्ध होत नाही, उलट तो खोटा ठरण्यासारखा पुरावा आहे असे जाहीर केले. फ्रान्सच्या ड्रेफस प्रकरणाची कित्येकांस आठवण झाली. तेथेही आरोपी ज्यूच होता. त्याच वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांस पुन्हा नोकरीत घेतले. ते कलकत्त्यास गेले, परळला नव्हे. माणसांवर टोचणीच्या मोठ्या प्रयोगांची मोकळीक त्यांस पुन्हा मिळाली नाही. उमेदीची पाच वर्षे अशी गेली. निवृत्त होऊन ते युरोपास परतले आणि 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे वारले.

ज्या माणसाने आयुष्यभर ‘दुसऱ्या बाजूचा आकडा दाखवा’ म्हणून आग्रह धरला, त्याच्या खटल्यात दुसरी बाजू पाच वर्षे कोणी पुरती पाहिली नाही. चिमट्याची नोंद कागदावर होती, ती वाचणारे डोळे नव्हते. याहून कठोर योगायोग कोणता?

मग त्यांच्या कार्याचे फळ काय? 1897 ते 1925 या काळात मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे 2 कोटी 60 लाख मात्रा बाहेर पडल्या. तरीही त्या शतकाच्या पहिल्या दशकांत हिंदुस्थानात प्लेगाने एक कोटीहून अधिक माणसे मेली. याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखविले, आणि पुढे परळच्याच प्रयोगशाळेत पक्के झाले, की गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवा पसरवितात. शेजाऱ्याने टोचून घेतले तर शेजारी वाचतो, पण माझ्या घरातील उंदीर जागच्या जागी असतो. गोवर आणि देवी यांचे तसे नाही. ते रोग माणसाकडून माणसाकडेच जातात. आजूबाजूचे बहुतेक लोक सुरक्षित झाले की रोगास पुढे जाण्यास पायरीच सापडत नाही आणि न टोचलेलाही आडोशास येतो. या सामुदायिक प्रतिकारशक्तीची कल्पना 1923 मध्ये टॉपली आणि विल्सन यांनी उंदरांच्या कळपांवरील प्रयोगांतून मांडली. गोवराला असा आडोसा उभारावयाचा तर शंभरात पंचाण्णवांच्या आसपास लोक सुरक्षित असावे लागतात.

पण येथेही सरासरी फसविते. स्वतंत्र भारताने 1962 मध्ये देवी-निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा शंभरात ऐंशी लोकांस देवी काढण्याचे उद्दिष्ट होते. कागदावर टोचण्यांची संख्या फुगत गेली, आणि देवी मात्र हटेनात. कारण जी मुले शाळेत सहज सापडत त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जात होते. बिगारी, भटके, झोपडीतले आणि तान्हे राहूनच जात होते. रोग नेमका त्या राहिलेल्यांना शोधीत होता. पुढे कार्यकर्त्यांनीही तेच केले. जेथे रोगी तेथे धाव, आणि त्याच्याभोवतीच्या प्रत्येकास टोचणे. 1975 मध्ये भारतातील देवी संपल्या. पोलिओचे तेच. शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये हावड्यास निघाला, आणि त्यापूर्वी कार्यकर्ते रेल्वे फलाटांवर, वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीच्या तळांवर राहिलेल्या मुलांस शोधीत हिंडले होते.

हाफकिन यांच्या वहीत नेहमी दोन रकाने होते: टोचलेले आणि राहिलेले. पहिला रकाना सर्वांनाच प्रिय असतो. सरकारला तो दाखवावयाचा असतो आणि कारखानदाराला तो विकावयाचा असतो. परंतु लस गुणकारी आहे की नाही हे दुसऱ्या रकान्यावाचून कळत नाही, आणि साथ पुन्हा येईल की नाही हेही त्याच रकान्यावर ठरते. 2021 मध्ये कोरोनाच्या लसीसाठी आपण रांगा लावल्या तेव्हा रोज सकाळी किती टोचले याचा आकडा आपण उत्सुकतेने वाचीत होतो. राहिले कोण, आणि ते का राहिले, रस्ता नव्हता म्हणून की विश्वास नव्हता म्हणून, ही चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली? ती करणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. आपल्या आळीत कोणत्या घराचे मूल लसीवाचून आहे हे मुंबईच्या कचेरीस कळण्यापूर्वी शेजाऱ्यास कळत असते. त्या घरी जाऊन, न रागावता, चार शब्द बोलणारा शेजारी हा आगाखानांइतकाच उपयोगी आहे. उंढेऱ्याच्या ज्या 64 माणसांना सुई मिळाली नाही त्यांनी आपणांस ज्ञान दिले. आज ते ज्ञान असताना कोणी राहून जावे, याला मात्र काहीच निमित्त उरलेले नाही.